केळीच्या पट्ट्यातील एक गॅरेज : घरी वेटलिफ्टिंगची जागा करण्याचे एक प्रकरण

यावल तालुक्यातील एका केळी उत्पादक कुटुंबाने घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये मुलीच्या सरावासाठी वेटलिफ्टिंगची जागा तयार केली. पहिली खरेदी जुलैत झाली आणि जागा खऱ्या अर्थाने वापरण्याजोगी झाली ती पुढच्या मे महिन्यात. मधल्या काळात फरशी, पंखा, रॉड आणि स्टँड एवढ्या वस्तू एकामागून एक निकामी झाल्या. मुलीच्या शाळेतील क्रीडाशिक्षक म्हणून हे सर्व मी जवळून पाहिले, काही सल्ले दिले आणि त्यांतले एक-दोन उशिरा दिले. घरी अशी सोय करू इच्छिणारे पालक आता आमच्या भागातही भेटू लागले आहेत. म्हणून हे प्रकरण चुकांसकट लिहून ठेवत आहे.

घर, गॅरेज आणि मुलगी

गॅरेज आतून दहा फूट रुंद आणि सतरा फूट लांब आहे. वर आरसीसीचा स्लॅब असून तो जमिनीपासून दहा फुटांवर आहे. पुढे पश्चिमेकडे तोंड असलेले सात फूट उंचीचे लोखंडी शटर, उजवीकडे स्वयंपाकघराची भिंत, डावीकडे काकांच्या घराशी सामाईक भिंत आणि मागे मोकळा वाडा, अशी रचना आहे. घरातले सगळे या खोलीला गॅरेज म्हणत असले तरी मोटार तेथे रात्रीपुरतीच असे. एरवी खताच्या गोण्या, फवारणीचे पंप, औषधांचे डबे आणि ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी यांचेच तेथे राज्य होते. जमिनीवर शहाबादी फरशी होती. तिच्याखाली मुरमाचा पातळ थर आणि त्याखाली थेट काळी माती होती, हे मात्र पुढे खोदल्यावरच कळले.

मुलगी तेव्हा आठवीत होती. २०२१ साली टोकियो ऑलिम्पिकमध्ये मीराबाई चानू हिने ४९ किलो गटात ८७ आणि ११५ असे एकूण २०२ किलो वजन उचलून रौप्यपदक मिळवले, तेव्हा ही मुलगी प्राथमिक शाळेत होती आणि घरातल्या टीव्हीसमोर केरसुणीची काठी डोक्यावर धरून उभी राहिली होती, असे तिची आजी सांगते. शाळेत आमच्याकडे एक जुना बार आणि थोडी वजने होती, त्यांवर तिने सुरुवात केली. तिची बैठक खोल जाते, पाठ सरळ राहते आणि सांगितलेले ती दुसऱ्या दिवशी विसरत नाही. या तीन गोष्टींवर मी तिच्या वडिलांना मुलीला या खेळात पुढे जाऊ द्या असे म्हटले. पण शाळेचे साहित्य आठवड्यातून तीनच दिवस तिच्या वाट्याला येई आणि नियमित प्रशिक्षण मिळण्याचे ठिकाण एसटीच्या वेळा पाहता रोज गाठण्यासारखे नव्हते. भुसावळहून रेल्वेने गेल्यास मनमाड लागते, जेथील व्यायामशाळेने वेटलिफ्टिंगमध्ये चांगले नाव कमावले आहे. परंतु तेथे जायचे तर सुट्टीत, रोज नव्हे. म्हणून घरी सरावाची जागा करण्याचे ठरले आणि वडिलांनी मला न विचारता, अत्यंत उत्साहाने, खरेदीला सुरुवात केली.

पहिली मांडणी

पहिल्या खेपेला जे आले तो दुकानात ‘होम जिम सेट’ म्हणून मिळणारा संच होता. त्यात बारीक छिद्राच्या लोखंडी प्लेट्स, सहा फुटांचा सरळ रॉड, त्याच्या टोकांना आटे आणि आट्यांवर फिरवून बसवायच्या चकत्या, शिवाय उताणे झोपून वजन ढकलण्यासाठी एक बाक. शरीर कमावण्यासाठी हा संच वाईट नाही. वेटलिफ्टिंगसाठी मात्र तो जवळजवळ निरुपयोगी आहे, आणि याचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

स्पर्धेच्या वेटलिफ्टिंगमध्ये दोनच प्रकार आहेत. स्नॅचमध्ये बार जमिनीवरून एका झटक्यात डोक्यावर न्यायचा असतो. क्लीन अँड जर्कमध्ये तो आधी खांद्यांवर घ्यायचा आणि मग डोक्यावर ढकलायचा असतो. दोन्हींत बार वर जाताना मनगटे बारखाली वेगाने फिरतात. त्या वेळी प्लेट्स जडत्वामुळे जागच्या जागी राहतात आणि दांडा मात्र मुठीबरोबर वळतो. म्हणून ऑलिम्पिक बारची ५० मिलिमीटर जाडीची टोके, ज्यांना स्लीव्ह म्हणतात, दांड्यावर सुटी फिरणारी असतात. साध्या रॉडमध्ये ही सोय नसते. परिणामी प्लेट्सचा फिरण्याला होणारा सगळा विरोध मनगटांवर आणि कोपरांवर येतो. तिसऱ्या आठवड्यातच मुलीने उजवे मनगट दुखत असल्याचे सांगितले. ‘सवय होईल’ असे घरात कोणी म्हटले असेल तर ते मी मनावर घेतले नाही. त्या रॉडवरचे क्लीन त्याच दिवशी बंद करविले.

दुसरा दोष उंचीचा. स्पर्धेच्या मोठ्या प्लेट्सचा व्यास ४५० मिलिमीटर असतो, त्यामुळे जमिनीवर ठेवलेल्या बारचा मध्य बरोबर २२५ मिलिमीटरवर येतो. दहा किलोची लोखंडी प्लेट त्यापेक्षा बरीच लहान असते. तिच्यासह ठेवलेला रॉड नडगीच्या पार खाली असतो आणि तो उचलायला वाकताना पाठीला बाक येतो. नवशिक्या मुलीला रोज चुकीच्या उंचीवरून उचलायला लावणे म्हणजे चुकीचे वळण स्वतःच्या हाताने लावणे होय.

या दोन्ही दोषांपेक्षा मोठा दोष जागेचा होता. वेटलिफ्टिंगची खोली ही प्रत्यक्षात वजन खाली टाकण्याची खोली असते. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगर याने ५५ किलो गटात २४८ किलोंसह रौप्यपदक मिळवले, पण क्लीन अँड जर्कच्या प्रयत्नात त्याचे कोपर दुखावले. अशा क्षणी खेळाडूला बार निःशंकपणे सोडून देता आला पाहिजे. जेथे ‘फरशी फुटेल’, ‘भिंत हादरेल’, ‘आजी ओरडेल’ हे विचार डोक्यात असतात, तेथे मूल बार सोडत नाही, सावरू पाहते. आणि इजा होते ती नेमकी सावरताना. गॅरेजच्या पहिल्या मांडणीत हे तिन्ही विचार उपस्थित होते.

फरशी पहिल्याच आठवड्यात गेली. पंचवीस किलोंचा रॉड खांद्याच्या उंचीवरून खाली आला, एका प्लेटची कड आधी टेकली आणि शहाबादीचे तीन तुकडे झाले. वडिलांनी त्यावर जळगावच्या दोन चटया दुहेरी घडी करून अंथरल्या. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत होणाऱ्या या प्लास्टिकच्या चटया बसायला आणि झोपायला उत्तम असतात. पडणाऱ्या लोखंडाला त्या काही अडवत नाहीत, हे दुसऱ्या फरशीने सिद्ध केले. आजी तर रोजच दारात येऊन उभी राहू लागली. “भो, काय दणदण करू राहिले इतकं? मांडणीवरचे भांडे पडू राहिले सगळे,” असे ती म्हणे आणि ते अतिशयोक्त नव्हते, सामाईक जोत्यावरून हादरा थेट स्वयंपाकघरात जात होता.

पंख्याची गोष्ट ऑगस्टमधली. छताला लांब दांड्याचा पंखा टांगलेला होता आणि त्याची पाती जमिनीपासून साडेसात फुटांवर फिरत. मुलीची उंची १५८ सेंटिमीटर. हात वर ताणल्यावर तिचा बार सुमारे दोन मीटरवर जाई आणि लहान प्लेटची वरची कड पात्यांखाली वीतभर अंतरावर राही. वीतभर अंतर पाहून सगळे निर्धास्त होते. एके दिवशी तिचा चुलत भाऊ, जो तिच्यापेक्षा वीस सेंटिमीटरने उंच आहे, तोच बार डोक्यावर घेऊन उभा राहिला. पाते प्लेटला लागले, काटकोनात वाकले आणि पंखा लटपटत थांबला. दैव चांगले म्हणून गती मंद होती. तो पंखा त्याच संध्याकाळी उतरवला गेला आणि छताला पुन्हा काही टांगले गेले नाही.

गंजाचे कोडे

पोळ्याच्या सुमारास रॉडवर गंज दिसू लागला. पावसाळ्यात लोखंडाला गंज चढतो, यात नवल नाही. पण हा गंज विचित्र होता. रॉडच्या एका बाजूला, भिंतीकडे असलेल्या हातभर लांबीवर, खरखरीत तांबूस पुटे धरली होती आणि दुसरी बाजू तुलनेने स्वच्छ होती. मी आधी छताची गळती पाहिली, मग शटरमधून येणारा पाऊस पाहिला. दोन्हींचा मेळ बसेना. शेवटी भिंतीशी रचलेल्या गोण्यांकडे लक्ष गेले. केळीला पोटॅश भरपूर लागते, आणि या घरातही म्युरेट ऑफ पोटॅशच्या गोण्या त्याच भिंतीला टेकून ठेवलेल्या होत्या. एक गोणी खाली फाटली होती, तिच्यातले लालसर खडे जमिनीवर सांडले होते आणि दमट हवेत ते ओले दिसत होते. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. हे मीठ आहे, हवेतली ओल धरते आणि त्यातले क्लोराइड लोखंडाला मिठाच्या पाण्याइतकेच खाते. रॉड रोज त्या खड्यांवर ठेवला जात होता. केळीच्या पट्ट्यात जन्म काढूनही मला हे पहिल्या दिवशी सुचले नाही, याची खंत वाटते.

खताइतकाच, किंबहुना त्याहून गंभीर, प्रश्न औषधांच्या डब्यांचा होता. सराव करताना मूल तोंडाने, जोराने आणि खोल श्वास घेते. कीटकनाशकांचे अर्धवट झाकलेले डबे आणि न धुतलेले फवारणी पंप ज्या बंद खोलीत आहेत तेथे असा श्वास घेऊ देणे मला मान्य नव्हते, आणि ‘कोपऱ्यात सरकवतो’ ही तडजोडही मी स्वीकारली नाही. खते, औषधे, पंप हे सर्व मळ्यातल्या खोलीत हलवले गेले. मोटारीबाबतही तोच निर्णय झाला. शटर अर्धवट बंद असताना आत दुचाकी सुरू करून धुराने खोली भरण्याचा प्रकार एकदा घडला होता. त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने ओळखता येत नाही. त्यामुळे वाहन आणि सराव एकाच खोलीत ठेवायचे नाहीत असे ठरले. मोटार आता अंगणात हिरव्या शेडनेटखाली उभी असते. घरातला सर्वांत मोठा वाद खरे तर याच मुद्द्यावर झाला, पण तो कौटुंबिक असल्यामुळे येथे नको.

स्टँड

दिवाळीच्या आधी नवा बार आला. तो पाहून-तपासून घेतला असल्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही. तो महिलांचा बार होता: वजन १५ किलो, लांबी २.०१ मीटर, मुठीची जाडी २५ मिलिमीटर. पुरुषांचा बार २० किलोंचा, २.२ मीटर लांब आणि २८ मिलिमीटर जाड असतो. मुलीच्या पंजाला तो नीट कवेत येत नाही. घरातल्या पुरुषांनीही व्यायाम करावा म्हणून २० किलोंचाच घ्यावा, असा काकांचा आग्रह होता. जागा कोणासाठी केली जात आहे हा प्रश्न विचारल्यावर तो मागे पडला. सोबत दहाच्या, पाचच्या आणि लहान अशा रबरी बंपर प्लेट्स घेतल्या. येथे एक खबरदारी सांगून ठेवतो. पाच किलोची पूर्ण व्यासाची प्लेट पातळ असते. ती एकटी बारवर लावून डोक्यावरून टाकली तर वाकते. म्हणून डोक्यावरून टाकायचे असेल तेव्हा प्रत्येक बाजूला किमान दहाची प्लेट हवी, आणि तेवढे वजन झेपत नसेल त्या काळात बार हाताने खाली आणायचा. मुलीचा तंत्राचा बराचसा सराव तर ठिबकच्या कामातून उरलेल्या पीव्हीसी पाइपावरच झाला, आणि तिच्या तंत्राचा पाया त्या पाइपाने घातला असे माझे मत आहे.

बैठकांसाठी स्टँड हवा होता. तो गावातल्या फॅब्रिकेशनच्या दुकानात करून घ्यायचे ठरले, जे योग्यच होते. दोन इंची चौकोनी पाइप, तीन मिलिमीटर जाडी, खाली रुंद पाट, पक्के वेल्डिंग, असा स्टँड आपल्याकडचा कोणताही चांगला वेल्डिंगवाला करू शकतो. चूक झाली ती मापात. वडील दुकानात गेले तेव्हा बार नुकताच मागवला होता, घरी आलेला नव्हता. त्यांनी जुना सहा फुटी रॉड नजरेसमोर धरून दोन खांबांमध्ये साडेचार फूट अंतर सांगितले. ऑलिम्पिक बारवर दोन्ही स्लीव्हच्या आतल्या कडांमध्ये, म्हणजे जेथपर्यंत दांडा बारीक असतो तेथपर्यंत, १३१० मिलिमीटर अंतर असते. पुरुषांच्या आणि महिलांच्या बारमध्ये ते सारखेच असते. साडेचार फूट म्हणजे १३७० मिलिमीटर. नवा बार स्टँडवर ठेवला तेव्हा दांड्याऐवजी जाड स्लीव्हच हुकांवर टेकल्या, हुकांत नीट बसल्या नाहीत, आणि प्लेट चढवायला जागाही कमी उरली.

“भाऊ, तुम्हीच साडेचार फूट सांगितलं होतं,” वेल्डिंगवाला म्हणाला, आणि ते खरे होते. खांब कापून बाहेरून बाहेर ११५० मिलिमीटरवर पुन्हा जोडावे लागले. त्या निमित्ताने आणखी दोन सुधारणा करून घेतल्या. एक म्हणजे बैठक पूर्ण खोल गेल्यावर बार टेकेल अशा उंचीवर, पुढे आलेले दोन आडवे दांडे. बैठकीतून उठता आले नाही तर बार त्यांवर ठेवून मूल बाहेर पडू शकते. दुसरी म्हणजे हुकांच्या आतल्या बाजूला जुन्या ट्यूबचे रबर, ज्यामुळे बारवरचे खाचेदार नक्षीकाम झिजत नाही. वापरण्यापूर्वी स्टँडवर दीडशे किलोंच्या गोण्या टांगून रात्रभर ठेवल्या आणि सकाळी सांधे तपासले. उताणे झोपून ढकलायचा बाक मात्र परत बाहेर काढला, कारण घरी एकट्याने सराव करताना छातीवर अडकणारा बार मला सर्वांत जास्त धोक्याचा वाटतो.

जमीन

एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा संपली आणि जमिनीला हात घातला गेला. हे काम सर्वांत आधी व्हायला हवे होते. पैसे आधी दिसणाऱ्या वस्तूंवर गेले आणि जमिनीची पाळी शेवटी आली, हा या प्रकरणातला मूळ दोष आहे.

फरश्या उचलल्या तेव्हा निम्म्यांखाली पोकळी सापडली. त्याचे कारण काळी माती. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. शेतात पडणाऱ्या भेगांत हात कोपरापर्यंत जातो हे आपल्याकडे लहान मूलही जाणते. तीच माती घराखालीही आहे आणि तेथेही ती तशीच वागते, हे मात्र बांधकाम करताना आपण विसरतो. फरशी वर राहते, माती खाली बसते आणि मधल्या पोकळीवर लोखंड पडले की फरशी ढोलासारखी वाजून फुटते.

साधा हिशेब मी वडिलांना मांडून दाखवला होता. चाळीस किलोंचा बार १.९ मीटर उंचीवरून सोडला तर जमिनीवर आदळताना त्यात सुमारे ७४५ ज्यूल ऊर्जा असते. पन्नास किलोंची सिमेंटची गोणी दीड मीटरवरून सोडल्यास जवळपास तेवढीच येते. फरक एवढाच की गोणी एकदा पडते आणि फुटून पसरते. बार एका सरावात पंचवीस-तीस वेळा, त्याच दोन जागांवर पडतो. मोटार कितीतरी पट जड असूनही जमिनीला तिचा त्रास होत नाही, कारण ती पडत नाही, उभी राहते.

गवंड्याने दीड फूट काळी माती काढली. त्यात मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी भरून, प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मस केला. त्यावर दगडांचे सोलिंग आणि वर १२५ मिलिमीटरचे एम-२० काँक्रीट, मध्ये आठ मिलिमीटरच्या सळ्यांची जाळी, असा कोबा घातला. तीन गोष्टींवर मी अडून बसलो. पहिली सांध्याची: नवा कोबा घराच्या जोत्याला कोठेही टेकता कामा नये म्हणून चारही बाजूंनी इंचभर जागा सोडून तीत थर्माकोलची पट्टी बसवली. हादरा स्वयंपाकघरात जाण्याचा रस्ता यामुळे तुटला, आणि माती फुगली-आकसली तरी कोबा भिंतीला न ओढता स्वतंत्रपणे हलू शकतो. दुसरी पातळीची: मोटार धुतल्यावर पाणी बाहेर जावे म्हणून गॅरेजच्या जमिनीला शटरकडे उतार असतो. जुन्या जमिनीवर ठेवलेला बार आपोआप गडगडत शटरपर्यंत जाई आणि मुलगी त्याला पायाने अडवत असे. नवा कोबा पाण्याच्या नळीने पातळी धरून सपाट केला. तिसरी पाण्याची: एप्रिलच्या उन्हात काँक्रीट संध्याकाळी ओतून दुसऱ्या दिवसापासून मातीचे बांध घालून त्यावर दहा दिवस पाणी उभे ठेवले. आयएस ४५६ या भारतीय मानकातही उष्ण, कोरड्या हवेत किमान दहा दिवस काँक्रीट ओले ठेवण्यास सांगितले आहे. गवंडी चौथ्या दिवशीच ‘झालं, सर’ म्हणत होता. कोब्यावर पहिले वजन २८ दिवसांनी पडले.

कोब्यावर लाकडी प्लॅटफॉर्म आहे. स्पर्धेचा प्लॅटफॉर्म चार मीटर बाय चार मीटर असतो, पण घरी आठ फूट बाय आठ फूट पुरतो आणि प्लायवूडचे पत्रे आठ बाय चारचेच मिळत असल्याने कापाकापी होत नाही. अठरा मिलिमीटरचे दोन पत्रे उभे, त्यांवर दोन आडवे, सांध्यावर सांधा येऊ न देता स्क्रूने आवळले. सगळ्यांत वर मधोमध चार फूट रुंदीचा एक पत्रा, ज्यावर मुलगी उभी राहते, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन फुटांचे रबर. मघाशी सांगितलेले १३१० मिलिमीटरचे माप येथेही उपयोगी पडते. बारच्या मध्यापासून स्लीव्ह ६५५ मिलिमीटरवर सुरू होते आणि मधल्या लाकडाची अर्धी रुंदी ६१० मिलिमीटर आहे. म्हणजे बार मध्यावर पडल्यास प्लेट लाकडाच्या कडेपासून किमान साडेचार सेंटिमीटर पलीकडे, बरोबर रबरावर पडते.

रबर हे गोठ्यात गाईंच्या पायांखाली घालतात तेच आहे. जिमसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या रबरापेक्षा ते स्वस्त पडले, दाट आहे आणि गाईच्या खुराखाली वर्षानुवर्षे टिकते. खाचांची बाजू खाली ठेवून ते अंथरले. त्याचा वास उग्र असल्यामुळे आधी आठवडाभर वाड्यात सावलीत उभे करून ठेवले होते. प्लायपेक्षा ते दोन मिलिमीटरने पातळ भरले, तो फरक ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या खाली घालून भरून काढला. प्लॅटफॉर्म मागच्या भिंतीपासून दीड फूट आणि शटरपासून साडेसात फूट दूर आहे, कारण शटर गुंडाळले जाते तो ड्रम पुढच्या बाजूला छताची उंची खातो. मागे सुटलेला बार भिंतीवर जाऊ नये म्हणून तेथे दोन जुने टायर आडवे ठेवले आहेत.

एकूण खर्चाचा जवळपास निम्मा भाग या जमिनीवर आणि प्लॅटफॉर्मवर गेला. आरसा, रंग, भिंतीवरची चित्रे यांवर काहीच गेले नाही. आरशाची मागणी मुलीची होती. मी नाही म्हटले, कारण आरशात पाहण्यासाठी मान वळते आणि उचल बिघडते. त्याऐवजी मोबाईल कमरेच्या उंचीवर, बाजूने थोडा तिरपा लावून चित्रण करायचे आणि रविवारी ते मला दाखवायचे, अशी पद्धत लावली.

उन्हाळा आणि वीज

मे महिन्यात जळगाव-भुसावळ परिसरात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पश्चिमेकडचे शटर दुपारी असे तापते की हात लावता येत नाही, आणि स्लॅब दिवसभर शोषलेली उष्णता रात्री अकरापर्यंत खाली सोडत राहतो. त्यामुळे संध्याकाळचा सराव उन्हाळाभर बंद ठेवून तो पहाटे साडेपाच ते सात असा ठेवला, स्लॅबवर वरून चुन्याचे दोन हात दिले आणि मागच्या भिंतीत वर जाळीची खिडकी काढली. कूलर लावायचा तर आत येणाऱ्या हवेला बाहेर जायला वाट हवी, नाहीतर खोली नुसती दमट होते. ती वाट या खिडकीने मिळाली. पावसाळ्यात कूलर बंदच असतो.

कूलरच्या पत्र्यातून धक्का बसल्याच्या बातम्या आपल्याकडे दर उन्हाळ्यात येतात. घामेजलेले मूल, पाण्याचे शिंतोडे आणि हातात दोन मीटरचा लोखंडी दांडा, हे एकत्र येत असल्यामुळे गॅरेजची वायरिंग वेगळी करून तिच्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, बसवला आणि अर्थिंग नव्याने केले. याबाबत चर्चा झालीच नाही. वडिलांनी स्वतःच इलेक्ट्रिशियनला बोलावले.

हाताला लावायच्या पावडरीबाबत थोडे सांगायला हवे. सुरुवातीला मुलगी फळ्याचा खडू कुटून लावत होती आणि एकदा आजीची टाल्कम पावडर लावली, तेव्हा बार हातातून साबणासारखा निसटला. वेटलिफ्टिंगला मॅग्नेशियम कार्बोनेट लागते. ते घाम शोषून पकड कोरडी ठेवते. मात्र ते बारच्या नक्षीत साचून राहिले तर ओलही धरून ठेवते. म्हणून सराव संपला की नायलॉनच्या ब्रशने बार घासायचा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक हात फडक्याने फिरवायचा, हे काम मुलीकडेच दिले आहे. पोटॅश गेल्यापासून बारवर गंजाचा ठिपका दिसलेला नाही.

पावसाळ्यानंतरची स्थिती

काकांच्या बाजूच्या सामाईक भिंतीत गिलाव्याला एक जुनी तडा होती. ती सरावामुळे वाढते की मातीमुळे, हा वाद उद्भवणार हे उघड होते. म्हणून मे महिन्यातच तिच्यावर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवून तारीख घातली; तडा हलली तर काच आधी फुटते. ऑक्टोबरअखेर काच अखंड आहे. कोबा आणि जोते यांच्यातला सांधा मात्र पावसाळ्यात मागच्या बाजूला दोन मिलिमीटरने मिटला, म्हणजे माती आपले काम करतेच आहे. मार्च-एप्रिलमध्ये, जमीन पूर्ण वाळल्यावर, तो पुन्हा मोजायचा आहे.

आजी आता दारात येते ती हादऱ्यासाठी नव्हे तर दूध प्यायला बोलावण्यासाठी. मुलीची स्नॅच जमिनीवर पडते तेव्हा स्वयंपाकघरात जाड कापडात गुंडाळल्यासारखा एक आवाज येतो आणि मांडणीवरची भांडी जागेवर राहतात. मुख्य म्हणजे फसलेला बार ती आता सोडून देते. पहिले दोन आठवडे तिला तेच शिकवावे लागले: बार पुढे ढकल, आपण मागे सर, मागे गेला तर आपण पुढे सर. जुन्या फरशीवर बार कवटाळून खाली आणायची सवय अंगात मुरली होती.

तिच्या ओढीच्या व्यायामासाठी आता लोखंडी चौकटीचे दोन ठोकळे हवे आहेत, ज्यांवर प्लेट्स टेकवून बार गुडघ्याच्या पातळीवरून उचलता येईल. माप त्याच वेल्डिंगवाल्याला द्यायचे आहे. गेल्या रविवारी वडील त्याच्या दुकानी गेले तेव्हा मोटारीच्या मागच्या काचेतून निम्मा बाहेर आलेला बार सोबत नेला होता, दोन प्लेट्ससकट.